भाभीची तारीख

नागावच्या मुख्य रस्त्यावर झुलेखाभाभीचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्या दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपडे वाळत घालायची निळी दोरी बांधलेली आहे. दोरीवर कपडा एकही नसतो. चिमट्यांना कागद अडकवलेले असतात. निबंध स्पर्धा, कथालेखन स्पर्धा, पत्रलेखन स्पर्धा, आठवी ते दहावीच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती, फक्त मुलींसाठी शिष्यवृत्ती, मच्छीमारांच्या मुलांसाठी आणखी वेगळी. ज्याची मुदत लांब, तो कागद दाराकडे. मुदत जवळ येईल तसतशी भाभी तो चिमट्यासकट पंख्याकडे सरकवते. पंख्याखाली आलेल्या कागदाची फडफड सुरू झाली की भाभीच्या छातीतही सुरू होते.

"मॅडम, बगा कसा तडफडतोय," ती मला म्हणते. "चार दिवसांचा जीव र्‍हायलाय त्याचा."

इरा, निमिष, तुम्ही भाभीला पाहिलेलं आहे. मागच्या खेपेला पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला आपण तिच्याकडे गेलो होतो. तुम्हाला दोन-दोन प्रती हव्या होत्या, तिने तीन-तीन काढल्या. तिसरी कशाला, असं निमिषने विचारलं, तर म्हणाली, "ठेवणीतली." मग चष्मा कपाळावर सरकवून तिने त्याला विचारलं, "कितवीत हायस? निबंध लिवतोस काय?" निमिष नाही म्हणाला. तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी अजून विसरलेले नाही. तीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईचा नातू, आणि निबंध लिहीत नाही!

तर ही भाभी. तिचे मिस्टर कुवेतला होते. परत आल्यावर त्यांनी हे मशीन घेतलं आणि दोन वर्षांतच ते गेले. मशीन राहिलं, भाभी राहिली आणि मुलगी सना राहिली. त्या दोरीवर लागलेला पहिला कागद सनाच्या शिष्यवृत्तीचा. सना शिष्यवृत्तीवर पुण्याला गेली, तिथून हैदराबादला, तिथून डब्लिनला. आता दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो आणि तेवढा वेळ भाभी मशीन बंद ठेवते. एरवी ते मशीन बंद असलेलं कोणी पाहिलेलं नाही.

पण मला आधी तारखेबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही.

भाभी कोणत्याही कागदावर खरी अंतिम तारीख दिसू देत नाही. त्यावर पांढरी चिठ्ठी डकवते आणि लाल पेनने स्वतःची तारीख लिहिते. सुरुवातीला ती तीन दिवस अलीकडची असायची. "शेवटच्या दिवशी भरलेला फॉर्म मेल्यातच जमा," असं तिचं ठाम मत. त्या दिवशी सर्व्हर बसतो, लाईट जाते, फोटोतल्या पोराचे डोळे मिटलेले निघतात. मुलांना लवकरच कळलं की भाभीच्या तारखेत तीन मिळवायचे. मुलांना कळलंय हे भाभीला कळलं, तेव्हा तिने पाच दिवस अलीकडची तारीख लिहायला सुरुवात केली. मुलांनी पाच मिळवायला सुरुवात केली. मी इथे कायमची राहायला आले तेव्हा गाडी आठवर पोचली होती.

आता तर गावात ती बोलीच झाली आहे. आमचा प्लंबर "मंगळवारी येतो" म्हणाला की तुमचे आजोबा विचारतात, "भाभीचा मंगळवार की सरकारी?" शेजारच्या म्हात्रेकाकूंनी मुलाच्या लग्नाची तारीख सांगितली तेव्हा भर बैठकीत नवरीच्या मामाने हेच विचारलं, आणि काकूंना राग आला.

दुसरी गोष्ट खजुराची. सगळ्या फॉर्मवर ईमेलचा पत्ता भाभीचाच असतो. मुलांचे पत्ते त्यांना स्वतःला आठवत नाहीत, पासवर्ड तर मुळीच नाही. त्यामुळे आजूबाजूच्या चार गावांतल्या दहावीच्या मुलांचं नशीब एका बाईच्या फोनमध्ये येऊन पडतं. दुपारच्या नमाजानंतर ती डोक्यावरची ओढणी सारखी करते, बिस्मिल्ला म्हणते आणि मेल उघडते. मूल हरलेलं असेल तर ते लगेच सांगत नाही. आधी त्याच्यासाठी दुसरी स्पर्धा शोधते, तिचा फॉर्म छापते, नाव-गाव भरून ठेवते. मग मुलाला बोलावते, काउंटरखालचा खजुराचा डबा काढते, एक खजूर त्याच्या हातावर ठेवते आणि नवा फॉर्म पुढे सरकवते. बस्स. मुलगा खजूर खातो, बी बशीत टाकतो आणि सही करतो. हरलास हा शब्द त्या दुकानात कोणी ऐकलेला नाही.

जिंकलेल्याला मात्र खजूर मिळत नाही. त्याला ओरडा मिळतो. "उत्पन्नाचा दाखला कुठं हाय? शाळा सोडल्याचा? फोटो किती काढलेस? बापाची सही कोन मी करू काय?"

म्हणून आमच्याकडची मुलं भाभी ओरडायला लागली की नाचतात.

आता हर्षदाची गोष्ट. गेल्या वर्षीची.

हर्षदा कोळीवाड्यातली. वडील दामा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. आई मासळी विकते. मुलगी दहावीत, बोलायला कमी आणि लिहायला बरी. पुण्याच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती होती. अकरावी-बारावीची दोन वर्षं, वसतिगृह, पुस्तकं, सगळं. घेणार कोकणातून फक्त एक मुलगी. फॉर्मबरोबर आठशे शब्दांचा निबंध, विषय 'माझ्या घरातली एक वस्तू'. आणि ते जमलं नाही तर काय, हेही ठरलेलं होतं. हर्षदाच्या मावशीचं इथेच समुद्राजवळ होमस्टे आहे. तिथल्या स्वयंपाकघरात परीक्षेनंतर रुजू व्हायचं. मावशीने तिच्या मापाचा एप्रनसुद्धा शिवून ठेवला होता, खिशावर तिच्या नावाचं अक्षर भरून. हर्षदाने तो मला दाखवला. चांगला शिवला होता. मला त्या एप्रनची भीती वाटली.

भाभीने तिला माझ्याकडे पाठवलं. "मॅडम, तुमी फक्त एकदा नजर फिरवा. शुक्रवारपर्यंत द्या." दोरीवरच्या कागदावरही लाल पेनने शुक्रवारच लिहिलेला होता.

मी नजर फिरवली. हर्षदाने 'मोबाईल: शाप की वरदान' असा निबंध लिहिला होता. घरातली वस्तू म्हणून मोबाईल. त्यात विज्ञानाची घोडदौड होती, तरुण पिढी होती, आणि हर्षदा कुठेच नव्हती. मी तिला विचारलं, "घरात तू रोज हात लावतेस अशी वस्तू कोणती?" तिने स्वतःच्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आईची पाटी." मासळीची पाटी. बाजारातून आई आली की ती धुवायचं काम हिचं. पहिल्या खरड्यातच मला कळलं, हा निबंध आहे. पाटीच्या तळाशी उन्हात वाळून चिकटलेले खवले मोजून आज आईला किती बसून राहावं लागलं ते ती ओळखायची. हे आठशे शब्दांत नीट बसलं असतं तर पुण्याच्या त्या लोकांना दुसरी मुलगी शोधायची गरज पडली नसती.

पण भाभीला तो पसंत नव्हता. "मॅडम, यात संदेश कुठाय? शेवटी देशाचं नाव आलं पायजे."

"पाटीत देश कुठून आणू भाभी?"

"आणायचा! परीक्षक झोपत असतात. देशाचं नाव आलं की जागे होतात."

आमचा यावर दोन दिवस वाद झाला. हर्षदा बिचारी एकदा देश घालायची, एकदा काढायची. मग मला शुद्धलेखन तपासायचं होतं. मग परिच्छेदांचा क्रम बदलावासा वाटला. तुम्हाला माझी सवय माहीत आहे. मी वहीत लिहून ठेवलं होतं: 'भाभीची तारीख शुक्रवार. अधिक आठ. सरकारी तारीख पुढचा शनिवार.' खाली रेघ मारली होती. हाताशी आठ दिवस होते, म्हणून मी शुक्रवारी सकाळी शांतपणे तिसरा खरडा वाचत बसले होते.

साडेअकराला फाटक वाजलं. भाभी. एका पायात निळी चप्पल, दुसऱ्यात तपकिरी. दुकान उघडं टाकून आलेली.

"मॅडम, निबंध?"

"होतोय की. अजून आठ दिवस आहेत ना?"

"कोन बोललं आठ दिवस?"

"अहो, तुमची तारीख शुक्रवार, म्हणजे…"

भाभीने चष्मा कपाळावर सरकवला. मग अगदी हळू म्हणाली, "मी पोरांना खोटी तारीख सांगते, मॅडम. त्यांना मस्ती असते. तुमी टीचर. तुमाला मी खोटी तारीख कशाला सांगू? या फॉर्मावर मी चिठ्ठी लावलीच न्हाय. तुमच्याकडं होता म्हणून खरीच लिवली."

मी वही उघडली, बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वहीतली नोंद चुकली होती, आणि चुकली ती दुसऱ्याच्या मुलीच्या नावावर.

"किती वाजेपर्यंत?" मी विचारलं.

"पाच."

पुढचं क्रमाने सांगते. बारा वाजता हर्षदा शाळेतून आली. मी निबंध वाचून दाखवला, तिने टाईप केला, भाभी मागे उभी राहून "स्पेस, स्पेस" म्हणत राहिली. देश राहिला बाहेर, वादाला वेळच नव्हता. दोन वाजता सगळं चढवून झालं. भाभीने शेवटचं बटण दाबलं, आणि पडद्यावर आलं की वडिलांच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर सहा आकडे पाठवले आहेत, ते दहा मिनिटांत भरा.

वडिलांचा मोबाईल वडिलांबरोबर होता. वडील समुद्रात होते, बुधवारपासून.

"तीन दिवस आधी भरला असता तर दामा घरी होता," भाभी म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, हा तिचा चांगुलपणा.

हर्षदा धावत बंदरावर गेली. तिथे मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत वायरलेस आहे, बोटींशी बोलायचा. तिने निरोप सांगितला: चार वाजेपर्यंत रेंजमध्ये या, फोन चालू ठेवा, माझा फॉर्म अडलाय. खरखरीतून दामाचं उत्तर आलं, "जाली पान्यान हायेत. वडतंव न येतंव." जाळी वेळेआधी ओढायची म्हणजे त्या दिवसाची मासळी सोडून द्यायची. त्याने फॉर्म कसला हेही विचारलं नाही.

तीन ते सव्वाचार हा वेळ मी कसा काढला ते मला सांगता येणार नाही, पण काय केलं ते सांगते. भाभीच्या काउंटरवरची सगळी पेनं मी टोपणांच्या रंगाप्रमाणे लावली. भाभीने मशीनची काच पुसली. पुन्हा पुसली. मग कोऱ्या कागदाच्या पाच झेरॉक्स काढल्या आणि नीट जुळवून स्टेपल केल्या. एक माणूस सातबाऱ्याची प्रत काढायला आला, त्याला ती म्हणाली, "आज न्हाय. आज मशीन आजारी हाय." मशीन गुरगुरत होतं. तो माणूस मशीनकडे बघून निघून गेला. हर्षदा स्टुलावर बसून नखं खात होती आणि तिच्या दप्तरातून तो एप्रन डोकावत होता. मावशीने त्या दिवशी तो फिटिंगला मागितला होता.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

"किल्ला दिसतंय," दामा ओरडला, म्हणजे बोट किनाऱ्याजवळ, रेंजमध्ये आली होती. वारा त्याच्याहून मोठ्याने ओरडत होता. "बोल, काय करू?"

भाभीने नवे आकडे मागवायचं बटण दाबलं. पण रेंज आल्याबरोबर दामाच्या फोनवर तीन दिवसांचे मेसेज एकदम कोसळले होते. सगळे इंग्रजीत. दामाला इंग्रजी येत नाही, आकडे येतात. तो दिसेल तो आकडा वाचायला लागला.

"दोन, नव, नव!"

"ते रिचार्जचं हाय बाबा! सहा आकडे बघा. एका ओळीत."

"सा आकडे… हां. चार, एक, सात, सात, शून्य, दोन!"

भाभीने भरले. चूक. ते दोन वाजताचे, शिळे आकडे होते. पडद्यावर लाल अक्षरं आली: तीन वेळा चुकल्यास अर्ज बंद होईल.

"शेवटी आलेला वाचा बाबा. सगळ्यात वरचा."

त्याने वाचला. भाभीने घाईघाईत भरला आणि नवाच्या जागी सहा पडला. पुन्हा लाल.

भाभी खुर्चीवरून उठली. "मना हात लावायला देऊ नका," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून, ओढणी डोक्यावर घेऊन, पुटपुटत उभी राहिली. मी हर्षदाकडे पाहिलं. मुलगी खुर्चीवर बसली. "बाबा, हळूहळू. एक आकडा सांगा, मी परत बोलेन, मंग दुसरा." ती पाटी धूत असेल तशीच, घाई न करता, कोपरे न सोडता. तिने सहावा आकडा भरला.

हिरवं झालं. अर्ज सादर झाला. चार एकोणतीस.

"झाला?" फोनमधून आवाज आला. "मंग आमी जातंव परत."

भाभी भिंतीकडून वळली. घामाने तिचा चेहरा निथळत होता. ती खुर्चीत बसली, पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "मॅडम, आजपासून तुमाला पन खोटीच तारीख."

त्यानंतर पाच आठवडे काही नाही. हर्षदाने परीक्षा दिली. एप्रनची फिटिंग झाली. मी रोज संध्याकाळी फिरायला जाताना उगीचच दुकानावरून जायची. भाभी आतून हात हलवायची, म्हणजे अजून नाही. मला झोपेत लाल अक्षरं दिसत. माझ्या एका रेघ मारलेल्या नोंदीमुळे ती मुलगी त्या स्वयंपाकघरात गेली तर काय, हा विचार मी तुमच्या आजोबांनाही सांगितला नव्हता.

एका दुपारी भाभीने आतून हात हलवला नाही. मी पायरी चढले.

काउंटरवर खजुराचा डबा होता. झाकण उघडं.

माझे पाय तिथेच थांबले. शेजारी एक प्लॅस्टिकची फाईल होती, त्यात छापलेला कागद. नवा फॉर्म असणार. म्हणजे नाव-गाव भरूनही झालं. मी दाराची कड धरली आणि म्हटलं, "भाभी, तिला मी सांगते. चूक माझी आहे."

तिने फाईल माझ्याकडे सरकवली.

मी वाचलं. पुन्हा वाचलं. निवड झाली होती. खाली एक ओळ वेगळी लिहिली होती, की पाटीवरचा निबंध समितीतल्या सगळ्यांनी एकमेकांना वाचून दाखवला. देशाचं नाव नसूनही सगळे जागे होते. मी चष्मा काढून पुसला. मला हसावं की भाभीवर रागवावं हे कळेना. तेवढ्यात कागदाच्या डोक्यावरची तारीख दिसली. कालची.

"हे काल आलं?"

"काल."

"आणि तुम्ही काल सांगितलं नाहीत?"

भाभी डब्याकडे बघत होती. डब्याशेजारच्या बशीत दोन बिया होत्या, ओल्या.

"सनाचं आलं तवा ते पाकिटातून आलं होतं," ती म्हणाली. "पोस्टमननं माझ्या हातात दिलं. मी तशीच चुलीवरची हंडी टाकून शाळेत धावले, मॅडम. वर्गात जाऊन दिलं. सगळी पोरं टाळ्या वाजवत होती. एक दिवस पन घरात ठेवलं न्हाय मी ते." तिने ओढणीच्या टोकाने काउंटर पुसला, जिथे काहीच सांडलं नव्हतं. "काल म्हटलं, हर्षदा उद्यापासून पुण्याची. आज एक दिवस र्‍हाऊ दे."

इरा, निमिष, तुमच्या बाबाचं परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र आलं, तेव्हा मी त्याच्यावर 'मिळाले' असं लिहून तारीख टाकली होती आणि ते फायलीत लावलं होतं. ती फाईल अजून माझ्या कपाटात आहे. पत्र बाबा घेऊन गेला.

मी डब्यातून एक खजूर उचलला. भाभीने डबा माझ्याकडे जरासा ढकलला, बस्स.

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. हर्षदा. भाभीने बशी झटकन काउंटरखाली ठेवली, डब्याचं झाकण दाबलं, उभी राहिली, आणि तिचा आवाज रस्त्यापलीकडच्या वडापावच्या गाडीपर्यंत गेला.

"कुठं भटकतेस ग? उत्पन्नाचा दाखला काढलास काय? आणि फोटो? तो जुना फोटो मी लावणार न्हाय, सांगून ठेवते, त्यात तुझा एक डोळा बारीक हाय!"

हर्षदा दारात उभी राहिली. आधी भाभीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग काउंटरवरच्या बंद डब्याकडे.

"भाभी," ती हळूच म्हणाली, "तुमी ओरडताय?"

"मंग काय गाणं बोलू?"

मुलगी आत आली आणि भाभीच्या गळ्यातच पडली, आणि भाभी तिच्या पाठीवर थापट्या मारत ओरडतच राहिली, शाळा सोडल्याचा दाखला, बापाची सही, गरम पांघरूण, पुण्यात थंडी असते.

मी खाली वाकून हळूच बी टाकली. काउंटरखाली बशीत आता तीन बिया होत्या. दोन तिच्या, एक माझी.